आधी बादलीतलं पाणी, मग मासे: नागपुरात पहिला मिश्र टँक लावताना

शोभेच्या माशांच्या दुकानात काचेसमोर उभा राहिलेला नवखा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो, "हा याच्यासोबत राहील का?" तो विचारायलाच हवा. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न राहून जातो: हे दोघेही माझ्या घरच्या पाण्यात आणि माझ्या घरच्या मे महिन्यात राहतील का? पुण्या-मुंबईच्या माणसाने करून दिलेली यादी नागपुरात जशीच्या तशी चालत नाही. इथे थंडीच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि मेच्या शेवटच्या नवतपात ४५ च्या वर जातो. दोन मासे भांडले तर दिसतं तरी. दोघांना वेगवेगळं पाणी लागतं, हे मात्र दिसत नाही. त्यातला एक हळूहळू फिका पडतो, खाणं सोडतो आणि तीन-चार महिन्यांत मरतो. आपण म्हणतो, मासाच कच्चा होता.

म्हणून मी नवीन माणसाला आधी दुकानात पाठवत नाही, घरीच थांबवतो.

पहिली पायरी: पाणी आणि तापमान नोंदवा

नागपूरला नळाचं पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं, शुद्ध करून आणि क्लोरीन घालून. बऱ्याच सोसायट्यांमध्ये मात्र टाकीत नळाचं आणि बोअरचं पाणी एकत्र सोडतात, आणि राहणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. आधी सोसायटीत विचारा. बोअरचं पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो का, गिझरचं कॉईल खडूसारखं पांढरं झालंय का, साबणाला फेस कमी येतो का, एवढं पाहिलं तरी अंदाज येतो. अंदाजावर न थांबता पीएच आणि जडपणा मोजायच्या पट्ट्या आणा. नळाचं पाणी बादलीत रात्रभर ठेवून सकाळी मोजा, तेव्हाचा आकडा जास्त खरा.

तापमानासाठी साधा काचेचा थर्मामीटर पुरतो. टँक ज्या खोलीत ठेवायचा आहे तिथे पाण्याने भरलेली बादली ठेवा आणि दोन आठवडे सकाळी सहाला आणि दुपारी चारला आकडा लिहून ठेवा. दुपारी चार यासाठी, की भिंती तापलेल्या असतात आणि पाणी हवेच्या मागून तापतं. माझ्या समोरच्या खोलीत, कूलर बंद असताना, मे महिन्यात टँकचं पाणी ३३ अंशांपर्यंत गेलेलं मी पाहिलंय. मधल्या खोलीत, जिथे पश्चिमेची भिंत नाही, तेच २९ वर राहिलं. चार अंशांचा फरक फक्त खोली बदलल्याने पडला, आणि या चार अंशांवर माशांची अर्धी यादी ठरते.

उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना ७ च्या आसपास. त्याच वेळी माशाचं शरीर जास्त वेगाने चालतं आणि त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. दुसरं, माशाच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया उष्ण आणि जास्त पीएचच्या पाण्यात अधिक विषारी होतो. बोअरचं पाणी, मे महिना आणि गच्च भरलेला टँक हे तिन्ही एकत्र आले की मासे सांभाळणं फार अवघड जातं.

दुसरी पायरी: टँक किती लिटरचा

लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा, म्हणजे लिटर मिळतात. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँक जेमतेम ७० लिटरचा होतो. खडी आणि वरची रिकामी जागा सोडली की माशांच्या वाट्याला ६० लिटर. गोल काचेचं भांडं मुळीच घेऊ नका. त्यात पाणी इतकं कमी असतं की दुपारी ते खोलीबरोबर तापतं आणि पहाटे खोलीबरोबर गारठतं. परवडत असेल तर ३ फुटी घ्या. पाणी जास्त असलं की तापमानही सावकाश बदलतं आणि चूकही सावकाश अंगाशी येते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा स्टँड मजबूत हवा.

तिसरी पायरी: मासे न टाकता टँक चालू ठेवा

हे कोणालाच आवडत नाही. टँक लावला, लाईट लावली, मुलं वाट पाहतायत आणि मी सांगतो की महिनाभर मासा नको. पण माशाने टाकलेला अमोनिया खाऊन त्याचं आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ते नसताना मासे टाकले तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे पटापट मरतात आणि आपल्याला वाटतं, मासे एकमेकांना चालले नाहीत.

फिल्टर आणि एअर पंप चोवीस तास सुरू ठेवा, रोज माशांच्या खाण्याची चिमूट पाण्यात टाका. ओळखीच्या कुणाचा टँक निरोगी असेल तर त्याच्या फिल्टरचा जुना स्पंज ओल्या पिशवीत आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, काम अर्ध्या वेळात होतं. अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य आणि नायट्रेट थोडं दिसू लागलं की टँक तयार. थेंबांचं टेस्ट किट एकदाच घ्यावं लागतं. पहिल्या खेपेच्या माशांइतकीच त्याची किंमत पडते आणि ते त्या माशांचा जीव वाचवतं.

चौथी पायरी: तोंडात मावतो तो मासा खाल्ला जातो

आता माशांकडे. मासा मासा खातो, आणि तो "शांत" जातीचा असला तरी खातो. माझ्या पहिल्या टँकमध्ये १० निऑन टेट्रा होते आणि त्यांच्यासोबत दोन एंजल, जेमतेम नाण्याएवढे. दुकानदाराने सांगितलं होतं, "घेऊन जा न भाऊ, एंजल गरीब मासा आहे, काही नाही करत." चार महिने खरंच काही झालं नाही. मग निऑन नऊ झाले, मग सात. एकदा पहाटे लवकर लाईट लावली तर मोठ्या एंजलच्या तोंडातून निळी रेघ असलेली शेपूट बाहेर डोकावत होती, आणि ती अजून हलत होती. एंजल १५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, निऑन जेमतेम साडेतीन-चार. दुकानात दोघे सारखे दिसत होते, आणि मी पूर्ण वाढलेला आकार विचारलाच नव्हता.

तेव्हा दुकानात दिसतो तो आकार विसरा. प्रत्येक माशाबद्दल एकच विचारा: पूर्ण वाढला की किती? नागपूरच्या दुकानांतल्या काचांमध्ये काही मासे दोन-तीन इंचांचे असताना विकायला असतात आणि ते घरच्या टँकसाठी मुळीच नाहीत. "शार्क" म्हणून मिळणारा राखाडी-चंदेरी मासा बहुधा पंगास जातीचा असतो. तो खाण्यासाठी पाळला जाणारा मासा आहे आणि एक मीटरच्या वर वाढतो. लाल शेपटीचा कॅटफिश तसाच. ऑस्कर फूटभर होतो आणि समोर येईल ते गिळतो. फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना लोक वास्तूसाठी घेतात, पण त्यांना बहुधा शेजारी चालत नाही. घ्यायचेच असतील तर त्यांचा टँक वेगळा आणि मोठा लागतो.

"सकर" फिशबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तो प्रत्येकाच्या गळ्यात मारला जातो. "काच साफ करतो" असं सांगून दोन इंचांचा देतात. तो एक-दीड फूट वाढतो, स्वतः प्रचंड घाण करतो, दुसऱ्या माशांची विष्ठा खात नाही आणि मोठा झाल्यावर काचेवरचं शेवाळही फारसं खात नाही. रात्री तो एंजलसारख्या सपाट माशाच्या अंगाला चिकटून त्याच्यावरचा चिकट थर खरवडतो. शेवाळासाठी लाईटचे तास कमी करा, दिवसाला सात-आठ पुरे. काच साफ करायला हात आहे.

पाचवी पायरी: स्वभाव, आणि तो संख्येने कसा बदलतो

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी नातवासाठी टँक लावला. सहा गप्पी, तीन टायगर बार्ब. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, "बघ रे, हे सगळे कोपऱ्यात का बसलेत?" गप्पी हीटरच्या मागे एकमेकांना चिकटून होते. पर अंगाशी मिटलेले, शेपटीचा पंखा कातरलेल्या कागदासारखा, मधून काड्या दिसत होत्या. बार्ब टँकच्या मध्यभागी मोकळे फिरत होते, आणि गप्पीतला एखादा बाहेर आला की एक बार्ब गपकन जाऊन त्याच्या शेपटीचा तुकडा तोडून परत येत होता. कुणी कुणाला खाल्लं नव्हतं, पण दोन आठवड्यांत सगळे गप्पी बुरशी लागून गेले असते.

टायगर बार्ब वाईट मासा नाही. तो थव्याने राहतो आणि थव्यात आपसांतच दमदाटी करतो. तीन असले की त्यांची ती सगळी खोड बाकीच्यांवर निघते. आठ-दहा असले आणि टँकमध्ये लांब पराचा कुणी नसला तर ते बरेच शांत राहतात. काकूंकडे मी बार्ब परत द्यायला सांगितले. गप्पींचे पर महिन्याभरात बऱ्यापैकी भरून आले.

इथून एक नियम धरा. थव्याचा मासा कधी दोन-तीन घेऊ नका. टेट्रा, रासबोरा, डॅनिओ, कोरिडोरस, बार्ब हे किमान सहा, जमलं तर आठ. "प्रत्येक रंगाचा एकेक द्या" असं आपण गावी जाताना मिठाईच्या दुकानात सांगतो तसं इथे चालत नाही. एकेकटा टेट्रा घाबरून रोपट्यामागे दडतो, नाहीतर चिडून दुसऱ्यांचे पर तोडतो.

लांब पर आणि पर तोडणारा, ही जोडी कधी करू नका. गप्पीचे नर, एंजल आणि फायटर हे लांब पराचे. टायगर बार्ब आणि विडो टेट्रा हे तोडणारे. गुलाबी, निळ्या, पोपटी रंगांत जे विडो मिळतात त्यांतले बरेच रंगवलेले असतात. रंग काही महिन्यांत उतरतो आणि रंगवताना मासा कमजोर झालेला असतो. ते विकत घेऊच नका, मागणी थांबली तर रंगवणंही थांबेल.

फायटरचा नर एकटाच ठेवा. गप्पीची रंगीत शेपूट पाहून तो तिला दुसरा फायटर समजतो. गोल्डफिशचंही तसंच, भांडकुदळ नसला तरी वेगळा हवा. तो थंड पाण्याचा मासा आहे, १८ ते २२ अंशांत रमतो, खूप खातो, खूप घाण करतो आणि छोटा मासा तोंडात मावला तर गिळतो. आमच्या मे महिन्यात त्याचे हाल होतात. एसी सतत चालत नसेल तर मी नागपुरात गोल्डफिश घ्यायला कुणालाच सांगत नाही, मोठ्या टँकमध्येसुद्धा नाही.

पिल्लं देणारे मासे, म्हणजे गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल, यांच्यात नर-मादीचा हिशोब सांभाळा. एका नरामागे दोन-तीन माद्या. नर जास्त झाले की ते मादीचा पिच्छा सोडत नाहीत आणि ती दमून मरते. गप्पीची मादी साधारण महिन्याला पिल्लं देते, आणि एकदा नरासोबत राहिली की पुढे कित्येक महिने नराशिवायही देत राहते. पिल्लं नको असतील तर सरळ फक्त नर गप्पी घ्या, रंगही त्यांनाच असतो.

तळ्यातून किंवा विहिरीतून पकडून आणलेले राखाडी "गप्पी" टाकू नका. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेला गँबुसिया दिसायला गप्पीच्या मादीसारखाच असतो, आणि तो शेजाऱ्यांच्या शेपट्या खातो.

सहावी पायरी: आपल्या पाण्यासाठी यादी

तुमच्या वहीतले आकडे आता कामाला येतील. मी नागपुरातल्या लोकांना जे सुचवतो ते देतो.

पाणी जड असेल, पीएच साडेसात-आठच्या आसपास असेल, तर पिल्लं देणाऱ्या माशांचाच टँक लावा. २ फुटीत आठ नर गप्पी. ३ फुटीत मॉली, दोन नर आणि पाच माद्या, सोबत थोडे गप्पी. मॉली आठ-दहा सेंटीमीटर होते, तिला २ फूट अपुरे पडतात. या माशांना जड पाणी आवडतं, त्यांना मऊ पाण्यातच त्रास होतो. घरी आरओ आहे म्हणून आरओचं पाणी भरायचा मोह टाळा. प्लॅटीही जड पाण्याची, पण तिला जरा थंडावा लागतो, ती गार खोलीतच बरी.

नळाचं मध्यम पाणी असेल आणि २ फुटी टँक असेल तर माझी आवडती जमवाजमव: हार्लेक्विन रासबोरा सात, तपकिरी कोरिडोरस सहा आणि मधाळ रंगाचा हनी गुरामी एक. रासबोरा मधल्या थरात, कोरी तळाशी, गुरामी वरच्या रोपट्यांत, त्यामुळे कुणाची कुणाशी गाठ पडत नाही. हनी गुरामी आपल्याच भागातला, ईशान्य भारत आणि बांगलादेशातला मासा आहे. तो कल्ल्यांशिवाय वरची हवाही घेतो, त्यामुळे उन्हाळ्यात तग धरतो. ड्वार्फ गुरामीही आपलाच, पण त्याचे दोन नर एका २ फुटीत भांडतात, घेतला तर एकच. कोरिडोरसमध्ये तपकिरी किंवा पांढरा घ्या, ठिपक्यांचा पेपर्ड कोरी थंड पाण्याचा आहे. आणि कोरीसाठी खाली खडी न घालता बारीक वाळू घाला. तो मिशा वाळूत खुपसून खाणं शोधतो, टोकदार खडीने मिशा झिजतात.

पाणी जड आणि खोली गरम असली तरी ज्यांना एंजल हवाच, त्यांनी दीड फूट उंच ३ फुटी टँक घ्यावा. दोन एंजल, सहा मोठ्या मॉली, सहा तपकिरी कोरी. एंजलला २४ ते ३० अंश मानवतात, घरी वाढवलेले एंजल मध्यम जड पाण्यातही राहतात. मॉलीची पिल्लं एंजल खाणार, हे घरातल्या मुलांना आधी सांगून ठेवा. आणि मॉलीसाठी मीठ घालायचा सल्ला कुणी दिला तर इथे ऐकू नका, कोरीला मीठ सोसत नाही.

निऑन टेट्रा मला स्वतःला फार आवडतो, पण तो २० ते २६ अंशांचा मासा आहे आणि मऊ पाण्याचा. एसी असलेल्या खोलीतच घ्या. तसाच दिसणारा कार्डिनल टेट्रा थोडी जास्त उष्णता सोसतो, पण पाणी त्यालाही मऊ लागतं. रोझी बार्ब आणि झेब्रा डॅनिओ हे दोन्ही भारतातलेच, काटक, थंडीत हीटरशिवायही टिकतात. डॅनिओ सतत पळतो, वरचं सगळं खाणं तोच फस्त करतो, म्हणून गप्पीसारख्या संथ माशांसोबत नको. रोझी बार्बला उन्हाळ्यात गार खोली लागते.

एका टँकमध्ये दोन किंवा फार तर तीन जाती ठेवा. जास्त जातींनी टँक रंगीत दिसतो, पण प्रत्येकाची गरज सांभाळता सांभाळता पहिल्याच वर्षी माणूस कंटाळतो.

सातवी पायरी: दुकानात काय पाहायचं

सीताबर्डीत जा, महाल भागात जा, कुठेही जा, पण पहिल्या फेरीत फक्त पाहून या. ज्या काचेत एकही मेलेला मासा पडलेला आहे तिथला मासा घेऊ नका, किती का आवडेना. पर मिटलेले, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, पोट आत गेलेलं, दगडाला अंग घासणं, ही रोगाची लक्षणं. दुकानदाराला तुमच्यासमोर खाणं टाकायला सांगा. जो धावत येतो तो निरोगी. चांगला दुकानदार यासाठी चिडत नाही, आणि जो "नको, हा तुमच्या टँकला नाही जमणार" असं सांगून गिऱ्हाईक घालवतो त्याच्याकडूनच पुढे मासे घेत जा.

मासे आणायला संध्याकाळी जा. मे महिन्याच्या दुपारी बाईकच्या हुकला लटकवलेली पिशवी घरी येईपर्यंत कढत होते. थर्माकोलचा डबा न्या.

आठवी पायरी: कोण आधी, कोण नंतर

आदर्श पद्धत अशी की नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळे ठेवायचे. २० लिटरचा प्लास्टिकचा डबा, जुना स्पंज फिल्टर, झाकण, एवढं पुरतं. एक आजारी गप्पी सगळा टँक नेऊ शकतो.

पिशवी बंदच ठेवून २० मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग उघडून दर पाच मिनिटांनी टँकचं अर्धा कप पाणी पिशवीत घाला, असं अर्धा तास. शेवटी मासा जाळीने उचलून टँकमध्ये सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता.

सगळे मासे एकाच दिवशी टाकू नका, जिवाणूंना नवा भार पेलायला वेळ लागतो. आधी तळाचे आणि शांत थव्याचे मासे, दोन आठवड्यांनी दुसरी जात, आणि जागेवर हक्क सांगणारा गुरामी किंवा एंजल सगळ्यांत शेवटी. तो आधी आला तर अख्खा टँक स्वतःचा समजतो. त्या दिवशी लाईट बंद ठेवा.

पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं नुसतं बघा, खाणं टाकताना खास करून. कोण खायला येत नाही, कोणाची शेपूट फाटली, कोण सतत एका कोपऱ्यात. कोरी मधूनच झपकन वर जाऊन हवेचा घोट घेऊन परत खाली येतो, तो त्याचा स्वभाव आहे, घाबरू नका. पण सगळेच मासे वर येऊन तोंड पाण्याबाहेर काढून उभे असतील तर ऑक्सिजन संपलाय किंवा अमोनिया वाढलाय. लगेच एक तृतीयांश पाणी बदला आणि एअर पंपचा जोर वाढवा.

उन्हाळ्याची आणि थंडीची तयारी

आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं, पण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळातून हात भाजेल इतकं गरम येतं. ते थेट ओतलं तर मासे तासाभरात जातील. आदल्या रात्री बादली भरून घरात ठेवा, क्लोरीन घालवणारे थेंब टाका, सकाळी थर्मामीटर लावून मगच ओता. थंडीत उलट होतं. पहाटेचं टाकीचं पाणी बर्फासारखं असतं आणि ते ओतल्यावर चार दिवसांत पांढरे ठिपके दिसतात. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास तीव्र येतो, त्या दिवसांत थेंबांत कंजूषी नको.

टँकचं झाकण काढून, उड्या मारणारे मासे असतील तर जाळी लावून, छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा फिरवा. पाणी दोन-तीन अंश उतरतं. विदर्भाच्या कोरड्या हवेत ही युक्ती फार छान चालते, पाऊस सुरू झाला की तितकी नाही. पाणी जास्त उडतं, पण क्षार मागे राहतात, म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई मात्र आरओच्या पाण्याने करा. टँकमध्ये बर्फ टाकू नका, एका तासात पाच अंश खाली आणि पुन्हा वर हे ३२ अंशांपेक्षा वाईट. उन्हाळ्यात खाणं निम्मं करा.

वीज गेली की फिल्टर बंद पडतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप मार्चमध्येच घेऊन ठेवा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हीटर लागतो, लिटरमागे एक वॅट या हिशोबाने, २५ अंशांवर.

आणि कूलरच्या दिवसांत डासांचा फवारा किंवा लिक्विड त्याच खोलीत वापरू नका. त्यातलं औषध माणसाला थोडंच बाधतं, पण माशाला मारतं, आणि एअर पंप ते ओढून थेट पाण्यात सोडतो. कुणी फवारलंच तर पंप बंद करून टँकवर ओलं कापड टाका, खिडक्या उघडा.

जमलं नाही तर

सगळं पाळूनही एखादा मासा दांडगा निघतो. तो वेगळा काढून आठवडाभर डब्यात ठेवा, टँकमधले दगड आणि रोपटी हलवून जागा बदला, मग परत सोडा. बऱ्याचदा जुना हक्क विसरला जातो. तरीही भांडला तर दुकानात परत द्या. घेतानाच विचारून ठेवा की मासा परत घ्याल का, पैसे नकोत म्हणून सांगा.

फुटाळा किंवा अंबाझरी तलावात मासा सोडू नका. "तळ्यात मोकळा राहील" असं वाटतं, पण सकरसारखे परदेशी मासे भारतातल्या कित्येक तळ्यांत आणि नद्यांत असेच पोचले. सकरला खाणारं तिथे फारसं कुणी नाही, काठाला बिळं करून तो अंडी घालतो, आणि मासेमारी करणाऱ्यांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात. दुकान घेत नसेल तर मोठा टँक असलेला माणूस शोधा, नागपुरात मासे पाळणारे भरपूर आहेत. तोवर तो मासा तुमच्याकडच्या डब्यात, फिल्टर लावून, ठेवा.